देवळालीचे गणितानंद : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

गजपंथा सिद्धक्षेत्राच्या वंदनेसाठी नाशिकला जाणाऱ्या भाविकांना देवळाली हे नाव अपरिचित नाही. लष्करी छावणी, आरोग्यधामे आणि कोरडी, निरोगी हवा यांसाठी हे गाव प्रसिद्ध. मात्र जगभरातील गणितप्रेमींना ते ठाऊक आहे ते तेथील एका शाळामास्तरांमुळे. त्या मास्तरांनी शोधलेल्या संख्यांच्या एका कुळाला देवळाली संख्या असेच नाव आहे. गावाचे नाव तीर्थामुळे, संतांमुळे किंवा लढाईमुळे अजरामर झाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. बेरीज-वजाबाकीमुळे अजरामर झालेले गाव विरळाच.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. वडील कारकुनी पेशाचे, परंतु त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद. ग्रहगती आणि कुंडल्यांच्या आकडेमोडीत ते रमून जात. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. पुढे मुलाचे संगोपन वडिलांनीच केले आणि त्यांच्या आकडेमोडीचे संस्कार बालमनावर नकळत झाले. मुलाने त्यातले भविष्य बाजूला ठेवले आणि आकडे तेवढे उचलले, असे म्हणावयास हरकत नाही. ठाण्याच्या शाळेत शिकत असतानाच गणिती कोडी सोडविण्यात आणि लांबलचक गुणाकारांच्या जवळच्या वाटा शोधण्यात त्यांचे तासन् तास जात.

१९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक स्वतंत्र विचारांच्या लेखनासाठी दिले जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांना मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. औपचारिक शिक्षण येथेच थांबले. पदव्युत्तर अभ्यास, संशोधनाची पदवी, एखाद्या नामवंत प्राध्यापकाचे मार्गदर्शन यांपैकी काहीही त्यांच्या वाट्याला आले नाही. १९३० मध्ये ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. नोकरीच्या नोंदी पाहिल्या तर त्यांचे आयुष्य या दोन सालांत संपते. त्यांचे खरे आयुष्य शाळा सुटल्यावर सुरू होत असे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गावर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते; तेच आजचे डोंबिवली. या ठिकाणी कापरेकरांच्या मनात एका संख्याकुळाचा विचार प्रथम आला आणि कृतज्ञतेने त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या हे नाव देऊन टाकले. १९३८ मध्ये मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात त्यांनी अद्भुत डेम्लो संख्यांवर टिपण प्रसिद्ध केले. या संख्यांची मौज अशी. ११ ला ११ ने गुणिले की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणिले की १२३२१. असे करीत नऊ एककांपर्यंत गेले, म्हणजे १११,१११,१११ या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या प्रकट होते. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच. जणू एखादे शिखर एकेक पायरीने चढावे आणि तितक्याच पायऱ्यांनी उतरावे!

यात जादू काही नाही. पाटीवर हा गुणाकार जुन्या पद्धतीने मांडला की कारण डोळ्यांना दिसते. एककांची एक ओळ, तिच्याखाली एक घर सरकवून दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा नऊ ओळी होतात. उजव्या टोकाच्या उभ्या रकान्यात एकच एकक असतो, पुढच्यात दोन, त्यापुढच्यात तीन. मधल्या रकान्यात नऊ. आणि मग संख्या पुन्हा घटत जाते. कोणत्याही रकान्याची बेरीज नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि नक्षी शाबूत राहते. दहा एकक घेतले की मधल्या रकान्यात दहा भरतात, हातचा येतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. शिखर माथ्याजवळ ढासळते.

कापरेकरांची दृष्टी अशा ठिकाणी थबकत असे. त्या १७ अंकी संख्येचे अंक मिळविले की ८१ होतात आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, आणि तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. संख्या डावीकडचे ८ अंक आणि उजवीकडचे ९ अंक अशी तोडली तर १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन तुकडे मिळतात. त्यांची बेरीज ९९९,९९९,९९९ भरते. तिचे मूळ अवयव पाहिले तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा एवढेच. म्हणजे तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या नेमक्या ४५. एवढी प्रचंड संख्या, पण तिचे कुटुंब आटोपशीर.

येथे जैन वाचकांना एका पूर्वसूरीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह हा ग्रंथ रचला. गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी काही गुणाकार मुद्दाम असे निवडले आहेत की उत्तरातील अंक हारातील मण्यांप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारखे लागावेत. या उत्तरांना ते कंठाभरणाची उपमा देतात. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणिले की १२३४५६५४३२१ येतात. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि क्रमाने उतरणारी ही संख्या म्हणजे सहा एककांच्या संख्येचा वर्गच होय. १४२८५७१४३ ला ७ ने गुणिले की दोन टोकांना एकेक आणि मध्ये आठ शून्ये असा हार तयार होतो. आणि १२३४५६७९ ला ९ ने गुणिले की नऊ एकक ओळीने उभे राहतात. याच नऊ एककांचा वर्ग म्हणजे कापरेकरांच्या डेम्लो शिखराचा कळस. दोघांमध्ये हजाराहून अधिक वर्षांचे अंतर. एक राष्ट्रकूटकालीन आचार्य, दुसरा आगगाडीने प्रवास करणारा शाळामास्तर. पण मणी तेच. गणितसारसंग्रहाची मूळ संहिता प्रा. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह १९१२ मध्ये मद्रासहून प्रकाशात आणली आणि १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाला, ही गोष्ट महाराष्ट्रातील जैन समाजाला भूषणावह आहे.

मोठ्या संख्यांचे आकर्षण जैन परंपरेत पुरातन आहे. अनुयोगद्वार सूत्रातील कालगणनेत शीर्षप्रहेलिका नावाची संख्या येते. ८४ लक्ष ही संख्या स्वत:शीच २८ वेळा मांडून गुणावी, म्हणजे ती मिळते. लिहून काढल्यास तिचे १९४ अंक भरतात आणि त्यांतील शेवटची १४० शून्ये असतात. एवढी संख्या मोजण्यासाठी कोणती वस्तू विश्वात असेल, हा प्रश्न त्या आचार्यांना अडवू शकला नाही. कापरेकर मात्र विस्ताराच्या मागे लागले नाहीत. मोठी संख्या असो वा चार अंकी, तिच्या अंकांत आपसात कोणते नाते दडले आहे, एवढेच ते पाहत.

१९४६ मध्ये त्यांना असे एक नाते सापडले की जगाने त्यांचे नाव कायमचे त्याच्याशी जोडून टाकले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून सर्वांत मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लिहून सर्वांत लहान करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात वेळा असे केले की ६१७४ ही संख्या येते आणि एकदा आली की हलत नाही. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात. या कसोटीसाठी कापरेकरांचेच जन्मसाल घ्यावे. १९०५ चे ९५१० होतात आणि ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. त्यांचे मृत्युसाल १९८६ घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येतात आणि वाट जन्मसालाच्याच रस्त्याला मिळते. मुक्काम मात्र सहाव्या खेपेसच गाठला जातो. हा निव्वळ योगायोग आहे, पण ज्योतिषाच्या नादी असलेल्या पित्याच्या पुत्राच्या बाबतीत तो नोंदवावासा वाटतो.

हे का घडते, हेही समजण्यासारखे आहे. वजाबाकीत मूळ अंकांचे सारे तपशील गळून पडतात. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट, आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, या दोहोंची बेरीज तेवढी उत्तरात उरते. असे फरकांचे जोड केवळ ५४ संभवतात. म्हणजे हजारो चार अंकी संख्या पहिल्याच पावलात ५४ उंबरठ्यांवर येऊन ठेपतात आणि तेथून सर्व वाटा एकाच दारी जातात. आसगाव वा पवनीच्या प्राथमिक शाळेतील ज्या विद्यार्थ्याला हातच्याची वजाबाकी येते, त्याला हा प्रयोग पाटीवर करून पाहता येईल. मध्येच ०९९९ असे उत्तर आले तर पुढचे शून्य सोडावयाचे नाही, एवढे ध्यानात ठेवावे. तीन अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर ४९५ येतात. दोन किंवा पाच अंकी संख्यांना असे एकच घर नाही. त्या चक्रात फिरत राहतात. चार अंकांचे भाग्य पाच अंकांना लाभले नाही, ही निसर्गाची लहर म्हणावी.

हा शोध कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला आणि १९५५ मध्ये तो अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु त्याचे स्वागत कसे झाले? भारतातील अनेक विद्वान गणितज्ञांनी या साऱ्याकडे पोरखेळ म्हणून पाहिले. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ६१७४ ची किंवा डेम्लो संख्यांची नक्षी ही आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून दिसते. बाराच्या किंवा दोनच्या पटीत लिहू लागलो तर चित्र बदलते. संख्येचे अंक हे तिचे वस्त्र आहे, देह नव्हे, आणि मोठे गणित देहाचा विचार करते, अशी त्यांची भूमिका. तथापि वस्त्राच्या विणीतही नियम असतात आणि ते नियम सिद्ध करावे लागतात, हे कापरेकरांचे टीकाकार विसरले. शिवाय पदव्युत्तर पदवीविना, विद्यापीठातील पदाविना, खेड्यासारख्या गावातून आलेल्या शिक्षकाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करण्यास एवढे निमित्त पुरेसे होते.

कापरेकरांनी त्याचा विषाद मानून काम सोडले नाही. तुटपुंज्या पगारातून पदरमोड करून ते गणित परिषदांना जात, आपले निबंध वाचीत. नामांकित नियतकालिकांनी जागा दिली नाही तर स्वखर्चाने छोट्या पुस्तिका छापीत. आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानास बोलावले जाई आणि विद्यार्थ्यांना त्यांचे आकड्यांचे खेळ अतिशय प्रिय होते. त्यांना लाभलेले गणितानंद हे नाव याच लोकप्रियतेतून आले. पदव्यांच्या मालिकेपेक्षा ते त्यांना अधिक शोभून दिसते.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्याही अशाच लोभसवाण्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळविले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. मोठ्या संख्यांतही हा गुण आढळतो : ५३३१७० चा वर्ग २८४२७०२४८९०० आहे आणि त्याचे मधोमध दोन भाग करून मिळविले की मूळ संख्या परत येते.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे संस्कृत नाव दिले. ६१७४ ही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३, जो सातचा घन आहे. वर आलेली १७ अंकी डेम्लो संख्याही हर्षद. एक ते नऊ एककांच्या वर्गांपैकी १, १२३२१ आणि ती १७ अंकी, या तीनच संख्या हर्षद ठरतात. महावीराचार्यांचे सहा पायऱ्यांचे कंठाभरण विषम असल्यामुळे आणि अंकांची बेरीज ३६ असल्यामुळे त्यात बसत नाही. पश्चिमेकडे याच संख्यांना निव्हेन संख्या असेही म्हणतात, कारण आयव्हन निव्हेन या गणितज्ञांनी १९७७ मध्ये एका परिषदेत त्यांचा उल्लेख केला. देवळालीच्या मास्तरांनी त्यांचे बारसे त्याआधीच केले होते. सुदैवाने हर्षद हे नाव टिकून राहिले आहे.

निवृत्तीनंतर १९६३ मध्ये त्यांनी देवळालीहून आपल्या नव्या संख्यांवरील पुस्तिका प्रसिद्ध केली. २३ या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज ५ मिळविली की २८ होतात. म्हणजे २३ ही २८ ची जनक. २८ पासून ३८, ३८ पासून ४९, असा वंश पुढे चालतो. १०१ ला तर ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. परंतु २० ला जनकच नाही. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येत नाहीत. अशा आपोआप अस्तित्वात आलेल्या, मराठीत स्वयंभू म्हणता येतील अशा संख्या शंभरच्या आत १३ आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. त्यांनाच देवळाली संख्या म्हणतात. कोणाच्या शिष्यत्वाविना घडलेल्या मास्तरांना जनक नसलेल्या या संख्यांविषयी आपुलकी वाटावी, यात नवल नाही.

उत्तरायुष्य सुखाचे नव्हते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेनासे झाले, तेव्हा उतारवयात त्यांना गणित व विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. ज्यांच्या नावाने संख्या ओळखल्या जाणार होत्या, त्या माणसाला महिन्याचा हिशेब जुळवितानाच ओढाताण होत होती. तरीही कागद आणि पेन्सिल सुटली नाही.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील गणिती खेळांच्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिले. या सदराचा वाचकवर्ग जगभर पसरलेला होता. त्यानंतर चित्र पालटले. परदेशांतील गणितज्ञ त्यांच्या संख्यांवर निबंध लिहू लागले, संगणकांवर ६१७४ च्या वाटा मोजल्या जाऊ लागल्या, आणि गणकयंत्राच्या साह्याने मोठमोठ्या कापरेकर संख्या धुंडाळल्या जाऊ लागल्या. मास्तरांचे वय त्या वेळी सत्तरीचे होते. दूरदेशीच्या मासिकाने दखल घेतल्यावर स्वदेशाने मान वर करून पाहावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज त्यांच्या बाबतीतही पाळला गेला.

१९८६ मध्ये देवळाली येथे कापरेकरांचे देहावसान झाले. ३२ वर्षे ज्या गावात त्यांनी मुलांना शिकविले, तेथेच शेवटचा श्वास घेतला. आज जगातील अनेक देशांत संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आरंभीच्या अभ्यासात ६१७४ चा प्रयोग करावयास देतात. चार अंक उतरत्या क्रमाने लावावेत, चढत्या क्रमाने लावावेत, वजा करावेत, आणि यंत्र किती खेपांत थांबते ते पाहावे. यंत्र सात खेपांच्या आत थांबते.